दगड दिसतो, तरुण दिसत नाही

मुस्लिम तरुण रस्त्यावर आला की तो का आला, हे कुणी विचारत नाही. त्याच्या हातात दगड होता की निवेदन, हेही कुणी पाहत नाही. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवर निकाल लागलेला असतो. आम्ही बारामती-इंदापूरकडची माणसे हा निकाल गेली दहा-बारा वर्षे ऐकत आहोत. तो आम्हाला मान्य नाही.

आमच्याच भागातल्या दोन घटना घ्या. जुलै 2014 मध्ये धनगर आरक्षणासाठी पंढरपूरहून निघालेली पदयात्रा बारामतीत पोहोचली. तिथे उपोषण झाले, तरुणांचा संताप उसळला. 9 डिसेंबर 2023 रोजी इंदापुरात ओबीसी मेळाव्याच्या दिवशी आमदार गोपीचंद पडळकर यांच्या दिशेने चप्पल फेकली गेली. दोन्ही वेळा चर्चा झाली ती आरक्षणाची आणि राजकारणाची. कुणाच्या देशप्रेमाची चौकशी झाली नाही. हे योग्यच झाले. मग हाच न्याय आमच्या मुलांना का नाही?

त्यांचेही दुखणे तेच आहे. शेत असले तर तुकड्याएवढे, एमआयडीसीत मिळाले तर कंत्राटी काम, नाहीतर पदवी खिशात घालून गॅरेज. जुलै 2014 मध्ये मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने त्यातल्या शैक्षणिक आरक्षणाला स्थगिती दिली नव्हती, तरीही त्याचा कायदा झाला नाही. सप्टेंबर 2018 मध्ये पुण्यात मुस्लिम समाजाचा मूक मोर्चा निघाला. तो किती जणांच्या मोबाइलवर आला? शांततेला फॉरवर्ड करणारा भेटत नाही.

यात तंत्राचाही हात आहे. माणूस ज्या मजकुरावर थांबतो, चिडतो, उत्तर देतो, तोच मजकूर ही समाजमाध्यमे पुढे सरकवतात. त्यांचा धंदाच त्यावर चालतो. त्यात व्हॉट्सअॅपवर निरोप येतो तो चुलत्याकडून, मित्राकडून. आपण मजकूर तपासत नाही, पाठवणाऱ्याचे नाव पाहून विश्वास ठेवतो.

परिणाम आपल्या दाराशी आला आहे. जून 2014 मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पुणे पेटले आणि हडपसरमध्ये मोहसिन शेख मारला गेला. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख मारेकऱ्यांना पुरली. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. 1 ऑगस्ट 2025 रोजी आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात, यवतला, एका तरुणाच्या पोस्टवरून जमाव उतरला. जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. लिहिले एकाने, भोगले मोहल्ल्याने. पोस्ट गुन्हा असेल तर कायदा आहे. बेकरीचा काय गुन्हा?

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून आम्ही सुटत नाही. 11 ऑगस्ट 2012 रोजी आझाद मैदानावर आसाम-म्यानमारच्या नावाने फिरणारी बनावट छायाचित्रे पाहून भडकलेली मुले आमचीच होती. दोघांचे जीव गेले, अमर जवान स्मारकाची नासधूस झाली. नोव्हेंबर 2021 मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावतीत आमच्या मोर्चात दगड उचलले गेले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांनी दुकाने फोडली. तेव्हा आम्हीही न तपासताच विश्वास ठेवला होता. आणि अफवेला धर्मही लागत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारले. ते पोटासाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते.

आमचे काही बुजुर्ग म्हणतात, पोरांचे मोबाइल काढून घ्या, गप्प बसा, दिवस वाईट आहेत. त्यांची भीती खोटी नाही, पण उपाय चुकीचा आहे. आपण गप्प बसलो की आपले चित्र दुसरे रंगवतात. गरज उलट आहे. आमच्या मुलांनी स्वतःच्या बेकारीबद्दल, फीबद्दल, शिष्यवृत्तीबद्दल स्वतः लिहावे, आणि ते मराठीत लिहावे, म्हणजे शेजारच्या मराठा, धनगर, दलित मुलाला आपलेच दुःख वाचल्यासारखे वाटेल. संतापजनक काही आले तर ते कुठले, कधीचे आणि कुणी पाठवले, हे विचारल्याशिवाय बोट पुढे नेऊ नये. स्टेटसला उत्तर स्टेटसने देऊ नये. अंधार पडायच्या आत दोन्ही समाजांची चार जाणती माणसे मिळून पोलीस ठाण्यात जावीत.

इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि चाँदशाहवलींचा दर्गाही आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीवरून इंदापुरात येते, तेव्हा रस्त्याच्या कडेला पाणी घेऊन उभ्या असलेल्या मुलांत आमचीही मुले असतात. हेही चित्रच आहे, आणि खरे आहे. ते कुणी फिरवत नसेल, तर ती तक्रार किती दिवस करायची? आपल्या हातातही मोबाइल आहेच.