भिंतीवरचा नकाशा पुसला जाण्याआधी

नकाशा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? भूगोलाच्या पेपरातले चार मार्क, नाहीतर मोबाइलमधली निळी रेघ. पण जगात जुने चित्रमय नकाशे गोळा करणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. या नकाशांत अंतरापेक्षा गोष्ट मोठी असते. नदीत मासा, जंगलात वाघ, बाजारात माणसं!

१९१४ मध्ये मॅकडोनाल्ड गिल यानं लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी असा एक नकाशा केला. गाडीची वाट पाहणाऱ्यांचा वेळ जावा म्हणून त्यात जागोजागी विनोद पेरले. जाहिरातीचा तो कागद आज संग्राहक शोधत फिरतात. अमेरिकेतल्या डेव्हिड रम्से यांच्या संग्रहातले असे कितीतरी नकाशे ऑनलाइन फुकट बघता येतात. जरूर बघा, भारी आहेत.

पण हा छंद करायला लंडनचा कागद विकत घ्यायची गरज नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यातला खजिना अजून भिंतींवर आहे आणि तो आपल्या डोळ्यांदेखत पुसला जातोय.

पाणलोट, पाणीपुरवठा, स्वच्छता अशा योजनांमध्ये गावकऱ्यांनी मिळून गावाचा नकाशा काढायची पद्धत महाराष्ट्रात रुळली. आधी चौकात रांगोळीनं, मग कागदावर किंवा भिंतीवर. तलाव, बोडी, धानाच्या बांध्या, देऊळ, हातपंप, सगळं चित्रात. प्रमाण चुकलेलं असेल, पण गिलचंही कुठे बरोबर होतं? पुढच्या रंगरंगोटीत हे चित्र चुन्याखाली जातं आणि कुणाला काही वाटतही नाही.

वाटायला हवं. कारण आपला जिल्हा फार लवकर बदललाय. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. त्याआधीचा, शाळेच्या कपाटात गुंडाळून पडलेला जिल्ह्याचा नकाशा आता जुना ऐवज झालाय. गोसीखुर्द धरणामुळे वैनगंगेकाठची गावं उठली. ती जुन्या जागी दिसतील तर फक्त जुन्या नकाशात. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांमुळे आपण तलावांचा जिल्हा म्हणवतो. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि हे तलाव 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले. कुठे गाळ साचला, कुठे अतिक्रमण झालं.

"गूगल मॅपवर सगळं आहे ना!" असं कुणीतरी म्हणेलच. उपग्रहाला पाणी दिसतं. पण त्या बोडीला गावात काय म्हणतात, तलाव भरला की पाणी कुणाच्या बांधीत उतरतं, हे त्याला कोण सांगणार?

आणि हे नकाशे काढणारे? मोजणीवाल्यांची नावं इतिहासात आहेत. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला, हे पुस्तकात मिळतं. ग्रामपंचायतीची भिंत रंगवणाऱ्या पेंटरचं नाव मात्र कुठेच नाही. दुकानांच्या पाट्या आणि झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदेही कदाचित त्यानंच रंगवले असतील. संग्रह म्हणजे नुसता कागद जमवणं नाही, त्यामागचा हात शोधणंही आहे.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत एवढं करा. गावातल्या भिंतीवरच्या नकाशाचा समोरून, उजेडात स्वच्छ फोटो घ्या. गाव, तारीख, काढणाऱ्याचं नाव लिहा. तो फोटो आजोबांना, आजीला दाखवा आणि प्रत्येक तलावाचं, बोडीचं नाव विचारून टिपून ठेवा. शाळेतला जुना नकाशा रद्दीत निघणार असेल तर गुरुजींना थांबवा. घरी पळवू मात्र नका, वाचनालयात लावायला सांगा. खर्च शून्य.

पावसाळ्याआधी करा. एकदा चुना लागला की फोटो कशाचा काढणार?