वडिलांची गाडी

अलीकडे रविवारच्या पुरवण्यांतून एक लेखनप्रकार रूढ झाला आहे. वडील आणि वडिलांची मोटार यांच्या आठवणी, असे त्याचे स्वरूप. जून महिन्यात ‘पितृदिन’ नावाचा नवा सण येतो, तेव्हा तर अशा लेखांना पूर येतो. लेखक बहुधा पुण्या-मुंबईचा आणि साठीच्या आसपासचा असतो. घरी फियाट किंवा अँबेसिडर असे. वडील रविवारी सकाळी बादली घेऊन ती स्वतः धूत. उन्हाळ्याच्या सुटीत घाट चढताना इंजिन तापे, मग बॉनेट उघडून पाणी ओतले जाई. मागच्या आसनावर चार भावंडे खिडकीसाठी भांडत आणि एरवी अबोल असणारे वडील चाक हाती आले की गुणगुणू लागत.

मी हे लेख आवडीने वाचतो, हे प्रथमच सांगून टाकतो. आपल्या कार्यकर्त्यांनी ते नाक मुरडून बाजूला सारावेत असे मला वाटत नाही. आपल्याकडील बाप मुलाला जवळ घेऊन चार शब्द बोलणारा नव्हता. त्याचे प्रेम एखाद्या वस्तूच्या आडूनच प्रकट व्हायचे. ती वस्तू मोटार असेल, तर मुलाला त्या मोटारीविषयी माया वाटावी यात गैर काहीच नाही.

पण हे लेख वाचताना दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता येतो. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांतील मुलांनाही वडील होते आणि त्यांनाही कुठे ना कुठे जायचे असेच. त्यांची गाडी कोणती, हे मात्र कोणी लिहीत नाही. लिहिण्यासारखे काही नव्हते, असा त्याचा अर्थ कृपा करून कोणी घेऊ नये.

त्या काळात मोटारी बनवणारे मोठे कारखाने देशात मोजून तीन होते. अँबेसिडर बंगालमधील उत्तरपाड्याला होई, फियाट मुंबईत कुर्ल्याला आणि स्टँडर्ड मद्रासला. पैसे भरूनही वर्षानुवर्षे क्रमांकाची वाट पाहावी लागे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते, जिल्हा झाला तो १९८२ साली. गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर हंगामात बैलगाड्यांची रांग लागे आणि मोटार आली की पोरे तिच्या मागे धावत. तालुक्यात मोटार म्हणजे एखादा आडत व्यापारी, एखादा नामांकित वकील, नाहीतर डॉक्टर. सरकारी जीप वेगळी, ती यायची म्हणजे वसुली तरी असायची किंवा पाहणी तरी.

अशाच एका डॉक्टरांचा मुलगा माझा वर्गमित्र होता. त्यांच्या अँबेसिडरची त्याची आठवण घाटातील सहलीची नाही. पावसाळ्यात, मध्यरात्री, एका खेड्यात अडलेल्या बाळंतिणीसाठी डॉक्टर निघाले आणि शाळकरी मुलाला कंदील धरायला सोबत घेतले. काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडी आसापर्यंत रुतली. शेजारच्या आखाड्यावरून एक शेतकरी बैलजोडी घेऊन आला, त्याने सोल बांधला आणि ती भली थोरली मोटार बैलांनी ओढून काढली. डॉक्टरांनी पैसे पुढे केले. तो म्हणाला, “बाई मोकळी झाली म्हंजी निरोप द्या, बास.” माझा मित्र पुढे अमेरिकेत गेला, तिथे त्याने किती मोटारी घेतल्या असतील, पण वडिलांविषयी बोलू लागला की त्या चिखलापाशी येतोच.

माझे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक होते. त्यांची गाडी म्हणजे काळी अॅटलास सायकल. पुढच्या दांडीला पंचा गुंडाळून त्यांनी माझ्यासाठी आसन केले होते. मागे कॅरिअरवर शाळेचे हजेरीपत्रक, वाण्याचे सामान, कधी दळण. रविवारी ती उलटी करून साखळीला तेल देण्याचा विधी चाले. चाक हाताने गरगर फिरवून, आऱ्यांवर कान देऊन ते कुठे काही खडखडते का पाहत. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला आम्ही त्या सायकलवरच जात असू. घोडे, गाढवे, उंट, बैल यांच्या त्या अफाट बाजारात सायकल कुठे लावायची, हीच अण्णांची मोठी चिंता. चढ आला की ते उतरत, मला मात्र उतरू देत नसत. त्यांच्या श्वासाचा आवाज मला पाठीमागून ऐकू येई. मला तेव्हा वाटे, सायकल अशीच चालवायची असते.

आई त्या सायकलवर कधी बसली नाही. माझ्या बहिणीलाही ती शिकू दिली नाही. आठवणी गोड असल्या तरी त्यांतले हे खडे वगळून सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आई माहेरी जाई ती मामांच्या दमणीतून. लाल कंधारी बैलांची ती जोडी आजोळचा मान होती. आमच्याकडे लाल कंधारी आणि देवणीच्या बाजूला पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचे देवणी बैल, यांच्या नावाने माणसे घराणी ओळखत. पोळ्याला त्यांची शिंगे रंगवताना मामांच्या चेहऱ्यावर जे असे, तेच त्या फियाट धुणाऱ्या वडिलांच्या चेहऱ्यावर असणार.

परंतु गाडीत कोण बसे आणि गाडीमागून कोण चाले, हेही गावाने ठरवून ठेवलेले होते. वडील आणि गाडी यांची आपल्या भाषिक प्रदेशातील सर्वांत जळजळीत आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर टिपणात ती आहे. साल १९०१. वडील सातारा जिल्ह्यात गोरेगावला नोकरीस होते. मुले सुटीत त्यांच्याकडे जायला निघाली, नवे कपडे घालून, आगगाडीच्या पहिल्यावहिल्या प्रवासाच्या आनंदात. मसूर स्थानकावर उतरली, तर न्यायला कोणी नाही. वडिलांपर्यंत पत्राची वार्ता पोचलीच नव्हती. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालेल, असा तोडगा निघाला. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. बापाला भेटायला निघालेल्या मुलांची ती गाडी ज्याने वाचली आहे, त्याला बैलगाडीच्या स्मरणरंजनात पूर्ण रमता येत नाही.

आणि रस्ता? मोटारीच्या आठवणींत रस्ता आधीपासून असतोच, जणू नदीसारखा. आमच्या भागातील कितीतरी रस्ते १९७२च्या दुष्काळात खडी फोडून झाले. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रात कायद्याच्या रूपाने आली ती पुढे १९७७ साली, पण त्याआधी दुष्काळी कामांवर लाखो माणसे हातोडी घेऊन बसली होती. माझ्या वर्गातील अर्ध्याहून अधिक मुलांचे आईबाप त्या कामांवर होते. सुकडी खाऊन शाळेत येणाऱ्या त्या मुलांपैकी एक जण फाट्यावरून जाताना अजूनही सांगतो, “हा कोपरा आमच्या बापानं केलेला.” त्याच्या बापाने मोटार चालवली नाही. पण त्या रस्त्यावर त्याची मालकी इतर कुणाहीपेक्षा जुनी आहे.

आता खऱ्या अर्थाने आमच्या कुटुंबाची जी गाडी, तिच्याकडे येतो. ती एसटी. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्या अखत्यारीत सरकारी मोटारसेवा सुरू झाली होती. उरलेल्या महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली आजचे महामंडळ उभे राहिले. नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचे तर आजही परभणी-परळीचा वळसा आहे. त्यामुळे आमच्या दोन शहरांना जोडणारा धागा ही लाल गाडीच. आणि मसूरच्या त्या गाडीवानानंतर या गाडीचे महत्त्व मला अधिक कळते. जात विचारून तिकीट फाडण्याची सोय तिच्यात नव्हती. गावात चावडीसमोरून पायातले काढून जाणारा माणूस फाट्यावर गाडीत चढला की मिळेल त्या बाकावर बसे. शेजारचा कुरकुरला, तरी गाडी त्याच्यासाठी थांबत नसे.

१९७८ साली मी नांदेडला कॉलेजात गेलो. खाणावळीचे पैसे शिक्षकाच्या पगारात बसत नव्हते. मग अण्णांनी जो मार्ग काढला, तो आमच्या भागातील हजारो बापांनी काढलेला आहे. लातूर, नांदेड या शहरांत शिकलेल्या खेड्यांतील पिढ्या ज्यावर वाढल्या, तो एसटीचा डबा. आई पहाटे चारला उठून भाकरी थापी. अण्णा डबा फडक्यात बांधून सायकलवर तीन मैल फाट्यावर जात आणि नांदेडकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीच्या चालकाच्या हाती देत. मी नांदेडच्या स्थानकावर उभा असे. संध्याकाळी रिकामा डबा उलट्या गाडीने परत. चार वर्षे. थंडीत, पावसात, परीक्षेत. चालकाने कधी पैसे घेतले नाहीत. त्याची रजा असली तर तो आदल्या दिवशीच दुसऱ्याला सांगून ठेवी. आम्ही सारे त्याला मामा म्हणत असू. भाकरीखाली कधी पाच रुपयांची घडी केलेली नोट निघे, कधी अण्णांच्या वळणदार अक्षरातील चिठ्ठी. तिच्यात मजकूर असा काही नसे: “तब्येत सांभाळणे. वाचन करणे.” समोरासमोर हे वाक्यही ते कधी बोलले नाहीत. पुरवण्यांतील लेखकांचे वडील गाडीत गुणगुणत, माझे वडील त्या गाडीत बसलेलेही नसत.

पहिली मारुती डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली. पुढे कर्जे सोपी झाली आणि मोटार हळूहळू नोकरदाराच्या आवाक्यात आली. मीही एक जुनी मारुती घेतली. कार्यकर्ते मित्रांनी थट्टा केली, त्यांतले दोघे नंतर तीच गाडी मागून नेत असत. अण्णा पहिल्यांदा तिच्यात बसले तेव्हा पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. अहमदपूर ओलांडल्यावर त्यांनी ती खाली ठेवली. घरी पोचल्यावर आईला म्हणाले, “पाठ दुखली नाही.” सुखसोयीचा तिटकारा म्हणजे समाजवाद, हा गैरसमज आपल्याच काही मंडळींनी जोपासला. मधु दंडवते १९७७ ते ७९ या काळात रेल्वेमंत्री होते, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंची फोम घालण्याचे काम सुरू केले. गरीब प्रवाशाचीही पाठ दुखते, हे त्यांना आठवले. वाद मोटारीशी नाही. ज्याच्या घरी मोटार नाही त्याच्या पाठीचे काय, एवढाच प्रश्न आहे.

आणि तो प्रश्न आज अधिक कठीण झाला आहे. ज्यांचा आवाज ऐकला जातो तो शिक्षक, तलाठी, पत्रकार, पुढारी एसटीतून उतरून स्वतःच्या गाडीत बसला. गाडी आली नाही म्हणून आगारात जाऊन भांडणारा माणूसच उरला नाही. २०२१च्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२पर्यंत रेंगाळला. राज्य शासनात विलीनीकरण ही त्यांची मागणी. अनेक कामगारांनी त्या काळात आत्महत्या केल्या. डबे पोचवणाऱ्या त्या मामांच्या मुलांवर ही पाळी आली, तेव्हा त्या डब्यांवर शिकून मोठे झालेले आपण कितीजण फाटकापाशी जाऊन उभे राहिलो? मी दोनदा गेलो. दोनदाच.

ऑगस्ट २०२२पासून पंच्याहत्तर वर्षांवरील वृद्धांना मोफत आणि मार्च २०२३पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. खेड्यांतील मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पासही आहे. परंतु सवलत तिकिटावर मिळते आणि तिकिटासाठी आधी गाडी यावी लागते. ज्या गावात मुक्कामाची गाडी येत नाही, तेथील आठवीतल्या मुलीचा पास दप्तरातच राहतो. खासगी काळी-पिवळीत कोंबून तिला पाठवायला बाप धजत नाही आणि शाळा सुटते. माझ्या बहिणीची सायकल आम्ही नाकारली होती, या मुलींची एसटी कोण नाकारते आहे? फायद्या-तोट्याच्या ताळेबंदात फेरी बसत नाही, हे उत्तर मला मान्य नाही. माझ्या चार वर्षांच्या डब्यांचे भाडे कोणत्या ताळेबंदात धरले होते? आपल्या तालुका शाखांनी निदान एवढे करावे: कोणत्या गावाची कोणती फेरी कधीपासून बंद आहे, याची यादी करून, गावकऱ्यांच्या सह्या घेऊन आगारप्रमुखापुढे ठेवावी. मोर्चा नंतर काढता येईल.

मोफत प्रवास सुरू झाला तेव्हा अण्णा सत्याऐंशी वर्षांचे होते. त्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला त्यांना अहमदपूरला जायचे होते. दारात माझी गाडी उभी होती. ते म्हणाले, “तू फाट्यापर्यंत सोड.” फाट्यावर गाडी आली, वाहकाने हात दिला, ते पुढच्या बाकावर बसले. मी मागून मोटार घेऊन निघालो. अहमदपूरच्या स्थानकात उतरल्यावर त्यांनी खिशातून शून्य रुपयांचे तिकीट काढून मला दाखवले आणि चष्म्याच्या घरात घडी करून ठेवले. मग रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे न पाहता ते चालकाच्या खिडकीपाशी गेले आणि त्याला विचारू लागले, हल्ली पोरांचे डबे येतात का.