प्रयोगाचा भार कोणी वाहावा?

शेतकरी नवे काही स्वीकारीत नाही, अशी तक्रार अधिकाऱ्यांच्या भाषणांतून वारंवार ऐकू येते. आम्हांला ती अन्यायाची वाटते. ज्याचे वर्षाचे पोट एका पावसाळी पिकावर, त्याने शास्त्रज्ञाच्या शब्दाखातर ते पणाला का लावावे? प्रयोग फसला तर शास्त्रज्ञाचा पगार थांबत नाही. शेतकऱ्याची कणगी मात्र रिकामी राहते.

अमेरिकेने हे उशिरा का होईना, ओळखले. तिच्या मैदानी प्रदेशातील माती वादळांनी उधळून नेली तेव्हा १९३५ साली तेथे मृद्‌संधारणाचे खाते निघाले. त्याच खात्याच्या वारसाकडे २०१८ च्या शेती कायद्याने नवे काम सोपविले. संधारणाच्या नव्या पद्धती शेतकऱ्याच्याच जमिनीत पारखण्यासाठी वर्षाला अडीच कोटी डॉलरची तरतूद झाली. त्यातून शेतकऱ्याला पत्करलेल्या धोक्याचा मोबदला मिळावा आणि फळ काय मिळाले हे मोजले जावे, अशी ही योजना.

गोव्यात असे अनुदान कोठे द्यावे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन हा पूर्वजांनी खाडीशी झुंजून मिळविलेला ठेवा. बांध, मानस आणि कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात या तिहींवर ती शेती उभी आहे. जुने गोवे येथील केंद्रीय संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान' या नावाने सुधारित वाण दिले. मातीचा बांध टिकतो की काँक्रीटचा, बाहेरच्या खारफुटीने लाटेचा मार किती कमी होतो, हेही प्रत्यक्ष खाजनात पाहिल्याखेरीज कळणार नाही.

पण अमेरिकेचा कित्ता जसाच्या तसा गिरवून भागणार नाही. तेथे एकेकाचे शेत शेकडो एकरांचे. येथे तुकडा एकाचा आणि बांध सर्वांचा. पूर्वी त्याची निगा गावकऱ्या पाहत. कूळ कायद्यानंतर १९७५ च्या नियमांनी ती जबाबदारी कूळ संघांवर आली. काही संघांनी ती निभावली, पुष्कळांनी मानशीच्या पावणीतून येणाऱ्या पैशावरच लक्ष ठेवले. मासळीच्या लोभाने मानस अवेळी उघडी राहिली की शेजाऱ्याचा प्रयोगही खारवतो. म्हणून अनुदान व्यक्तीला न देता अखंड खाजनाला द्यावे. मुदत निदान तीन वर्षांची असावी, कारण एकदा शिरलेले मीठ एका पावसाने धुऊन निघत नाही. पिकाची तूट आणि बुडालेली पावणी या दोहोंची भरपाई आधी ठरवावी, हिशेब गावासमोर मांडावा. आणि हे सारे मानशीच्या पावणीपूर्वी व्हावे. एकदा बोली लागली आणि पैसे भरले गेले, की बोलीदार कोणाच्या प्रयोगासाठी फळ्या खाली सोडणार नाही.