पूर्वज सापडतो, पण कोणत्या बाजूचा?

उत्तर आयर्लंडच्या २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के, तर प्रॉटेस्टंट ४३.५ टक्के निघाले. ज्या प्रदेशाची सीमा शंभर वर्षांपूर्वी प्रॉटेस्टंटांचे बहुमत टिकावे अशा हिशेबाने आखली गेली, तिथे हे घडले. साहजिकच ‘मूळचा कोण आणि उपरा कोण’ हा जुना वाद पुन्हा वर आला आहे. मात्र त्याचे उत्तर शोधायला खेड्यापाड्यांच्या दप्तरात शिरावे, तर भलतेच काही हाती लागते.

१६०७ मध्ये अल्स्टरचे गेलिक सरदार देश सोडून गेले. त्यांच्या जप्त जमिनींवर १६०९ पासून राजा पहिला जेम्सने स्कॉटिश आणि इंग्रज कुळे बसवली. इंग्रजांचे चर्च हे सरकारी चर्च होते. तो मान पुढे महागात पडला. सरकारी दर्जा गेल्यावर, १८७० च्या दशकात, त्या चर्चच्या जन्म-विवाहाच्या वह्या सार्वजनिक दस्तऐवज ठरल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील दप्तरखान्यात गेल्या. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, तो दप्तरखाना स्फोटाने आणि आगीने नष्ट झाला. ज्यांना राजाश्रय नव्हता त्या कॅथलिकांच्या वह्या गावच्या चर्चमध्येच राहिल्या, म्हणून वाचल्या. २०१५ पासून त्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट खुल्या केल्या आहेत. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांची तऱ्हा तिसरीच. त्यांच्या धर्मगुरूंनी लावलेली लग्ने कायदा दीर्घकाळ मानीत नव्हता आणि त्यांच्या बहुतेक वह्या फार उशिरा सुरू होतात.

उरतात त्या याद्या: १६३० च्या सुमाराची हत्यार धरू शकणाऱ्या पुरुषांची, १७९६ ची जवस पेरणाऱ्यांची, १८४७ ते १८६४ दरम्यानची ग्रिफिथची जमीन-आकारणी. त्यांत नाव मिळते, वंश मिळत नाही. कॅव्हनमधला स्मिथ इंग्रज असेलच असे नाही. ‘मॅक गव्हन’ म्हणजे लोहाराचा मुलगा, या गेलिक आडनावाचेही इंग्रजीत स्मिथ झाले. उलट, युनियनिस्ट पंतप्रधान टेरेन्स ओनील यांचे आडनाव गेलिक राजघराण्याचे. पण पुरुषवंशाने ते घराणे चिचेस्टर. वारसा मिळाला तेव्हा, १८५५ मध्ये, त्यांनी ओनील हे नाव घेतले. आडनावावरून माणसाची बाजू ठरवणाऱ्यांनी यावर काय म्हणावे?

ब्रेक्झिटने या शोधाला रोकडा अर्थ आणला. २०१६ च्या सार्वमतानंतर कट्टर युनियनिस्ट खासदार इयन पेझ्ली (धाकटे) यांनीही, हक्क असेल तर आयरिश पासपोर्ट काढून घ्या, असा सल्ला मतदारांना दिला होता. परदेशात जन्मलेल्यालाही, आजोबा किंवा आजी आयर्लंड बेटावर जन्मलेली असली तर, नोंदणी करून ते नागरिकत्व मिळते. त्या आजोबांचे पूर्वज गेलिक होते की गॅलोवेहून आलेले, हे कायदा विचारत नाही.