तेराव्यानंतरचं घर

नागापूरच्या एमआयडीसीत पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर कुणाच्या आत्महत्येची बातमी लवकर पोचते. मग आपण त्या घरी जातो आणि पहिलाच प्रश्न टाकतो : ‘असं कसं झालं हो? घरात काही बोलणं झालं होतं का?’ हे सांत्वन नव्हे, उलटतपासणी आहे. ती सहसा बायकोची किंवा आईची होते.

आधीच पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. शेतकऱ्याचं घर असेल, तर ‘पात्र-अपात्र’चा निकाल. 2006च्या शासन निर्णयानुसार मदत 1 लाख : 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. त्यासाठी नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा यांचे पुरावे विधवेनेच जमवायचे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं 2017चा मानसिक आरोग्य कायदा गृहीत धरतो. गल्ली मात्र दोषी शोधत बसते.

तेराव्यानंतर येणंजाणं थांबतं. खरी गरज तेव्हाच असते. डबा घेऊन जा, तहसीलला सोबत जा, गेलेल्याचं नाव घेऊन बोला. कारण विचारू नका. दुःख झेपेनासं झालं, तर 14416 या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं. हा क्रमांक त्या घरी लिहून द्या.