हिमशिखरांचे अतिथी

हिवाळ्याच्या दिवसांत मनालीहून मोटारीने उत्तरेकडे निघाले म्हणजे सृष्टीचे एक अपूर्व रूप हळूहळू उलगडू लागते. बियास नदी रस्त्याच्या सोबतीने खळाळत असते. उतारांवर देवदारांच्या रांगा उभ्या असतात आणि त्यांच्या फांद्या बर्फाच्या भाराने वाकलेल्या असतात. पुढे पीर पंजाल पर्वताच्या पोटातून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा लागतो. त्यातून गाडी बाहेर पडते, तो समोर लाहौलचे शुभ्र खोरे! झाडे विरळ, आकाश गडद निळे आणि खाली चंद्रा नदीची बारीक रेघ. नाताळच्या सुटीत महाराष्ट्रातीलही अनेक कुटुंबे हा देखावा पाहावयास जातात. ज्यांनी बर्फ केवळ सरबताच्या पेल्यात पाहिलेला असतो, त्यांची वाणी येथे क्षणभर थबकली तर नवल नाही.

परंतु देखावा डोळ्यांपुढे येणे निराळे आणि त्याचा आस्वाद घेणे निराळे. गाडी भरधाव हाकावी, आत गाणी मोठ्याने लावावीत, घाईघाईने खाली उतरून दहा छायाचित्रे काढावीत आणि पुढच्या ठिकाणाकडे धावावे, अशा प्रवासाला हिमदर्शन कसे म्हणावे? ताज्या बर्फाच्या कणाकणांत हवा कोंडलेली असते. ती आवाज शोषून घेते. म्हणून हिमवर्षावानंतर पर्वतांत एक विलक्षण शांतता पसरते. ही शांतता ऐकावयाची असेल, तर प्रथम इंजिन बंद केले पाहिजे आणि नंतर आपले तोंड!

पाहण्याला ज्ञानाची जोड मिळाली म्हणजे आनंद दुणावतो. हिमाचा एकेक स्फटिक काचेसारखा पारदर्शक असतो, तरी बर्फाची रास पांढरी दिसते. असंख्य स्फटिकांच्या पृष्ठभागांवरून प्रकाशातील सर्व रंग सारखेच विखुरले जातात, हे त्याचे कारण होय. ताजा बर्फ आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या दहा भागांपैकी आठ किंवा त्याहूनही अधिक भाग परत पाठवतो. म्हणूनच तो सावकाश वितळतो, आणि म्हणूनच तेथे डोळ्यांना काळा चष्मा लावावा लागतो. लाहौलमध्ये पाऊस फार थोडा पडतो. तेथील बटाट्याची व वाटाण्याची शेते उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर पिकतात. हेच पाणी चंद्रा आणि भागा या नद्यांतून वाहते; तांदी येथे त्यांचा संगम होतो आणि चंद्रभागा, म्हणजेच चिनाब, पुढे निघते. प्रवाशाला जो देखावा वाटतो, तो शेतकऱ्याचा साठवलेला पाऊस आहे.

या साठ्याला पाहुण्यांपासूनच धोका पोहोचू लागला आहे. मोटारींच्या धुरातील काजळी बर्फावर बसते. काळवंडलेला बर्फ अधिक उष्णता शोषतो आणि वेळेआधी वितळतो. बर्फात टाकलेल्या बाटल्या व पिशव्या काही काळ झाकल्या जातात खऱ्या. परंतु बर्फ वितळताच त्या ओढ्यांत उतरतात. या भागाची हानी ध्यानात घेऊन २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने रोहतांग खिंडीकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांवर दिवसाला १,००० ची मर्यादा घातली. हा निर्णय योग्यच होता. ज्या सौंदर्यासाठी लोक येतात, ते त्यांच्याच गर्दीने नष्ट होऊ लागले, तर गर्दीला आवर घालणे भागच आहे.

यावर कोणी म्हणतील, 'मग पर्यटकांना सर्वस्वी बंदीच का करू नये?' हेही उचित नव्हे. पर्वतातील कित्येक कुटुंबांची चूल पाहुण्यांच्या येण्यावर पेटते. शिवाय ज्या वृद्धांना वा दुर्बलांना डोंगर चढणे शक्य नाही, त्यांनाही मोटारीमुळे हिमशिखरांचे दर्शन घडते. प्रश्न जावे की न जावे हा नसून कसे जावे हा आहे. गाड्या थोड्या असाव्यात, वेग कमी असावा, आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत यावा.

आणखी एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये. ३ ऑक्टोबर २०२० रोजी बोगदा सुरू झाला. त्यापूर्वी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली, की लाहौलच्या लोकांचा मनालीशी असलेला रस्त्याचा संबंध सहा-सहा महिने तुटत असे. आजही सीमा रस्ते संघटनेचे कामगार कडाक्याच्या थंडीत बर्फ उपसून वाट मोकळी ठेवतात. ती वाट प्रवाशाला करमणुकीची असेल. पण तेथील रहिवाशांना ती जीवनाची आहे. मौजेसाठी आडव्यातिडव्या उभ्या केलेल्या गाड्यांमुळे एखाद्या रुग्णाची गाडी अडकली, तर त्या मौजेचे मोल कोणी चुकवावे?

मोटार चालवणे मुलांच्या हाती नसते. तथापि, "गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, आपण थोडा वेळ नुसते पाहू या," असे वडीलधाऱ्यांना नम्रपणे सांगणे त्यांच्या हाती निश्चितच आहे. रिकामी बाटली खिडकीबाहेर जाऊ न देणेही त्यांच्याच हाती आहे. आपल्याकडे अतिथीला देव मानण्याची रीत आहे. परंतु अतिथीनेही यजमानाच्या घरात पाय पुसून शिरावे लागते. हिमालयाच्या दारी जाणाऱ्याने तरी ही रीत विसरू नये.