शाळेचा आराखडा कोण लिहिणार?

जून महिन्यात शाळा उघडतात आणि काही दिवसांतच पालकांची सभा बोलावली जाते. मुख्याध्यापक अपेक्षांची यादी वाचून दाखवतात. मुलांना वेळेवर पाठवा, गणवेश स्वच्छ ठेवा, गृहपाठ करून घ्या, मोबाईल हातात देऊ नका, विनाकारण घरी ठेवू नका, सभेला नियमित या. पालक माना डोलावतात, वहीत सही करतात किंवा अंगठा उठवतात आणि दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून घाईघाईने निघून जातात. या यादीत आक्षेप घ्यावा असे काहीच नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. पालकांनी काय करावे हे शाळेने सांगितले, पण शाळेने काय करावे हे कोण सांगणार?

याचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. कलम २२ त्याहून महत्त्वाचे. शाळेचा विकास आराखडा ही समिती तयार करील आणि शासनाचे नियोजन व अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरेल, असे ते सांगते. म्हणजे शाळेत आधी काय सुधारायचे हे ठरवण्याची लेखणी कायद्याने पालकांच्या हाती दिली आहे. ती लेखणी आज कोणाच्या हातात आहे, हे प्रत्येक वस्तीने स्वतःला विचारावे.

कायद्याचा तोल कोणाकडे आहे तेही पाहा. या अधिनियमात पालकांवर कर्तव्य टाकणारे कलम एक, ते म्हणजे कलम १०. मुलाला शाळेत दाखल करणे, बस्स. शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये मात्र कलम ८ व ९ मध्ये ओळीने मांडली आहेत. शिक्षकाची कर्तव्ये कलम २४ मध्ये आहेत. त्याने नियमित व वेळेवर यावे, अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण करावा, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरज असेल तिथे जादा शिकवावे आणि पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी व प्रगती सांगावी. पालकसभा ही शाळेची मेहेरबानी नाही, ते शिक्षकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. पालकांसाठीची यादी भिंतीवर लागते, तर कलम २४ ची यादी तिच्या शेजारी का लागत नाही?

ही मागणी नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन सांगितले की, शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामाचा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला, पण त्याबरोबर शिक्षण मोफतही केले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. आधी राज्याने आपले कर्तव्य पार पाडायचे, मग पालकाला जाब विचारायचा, हा शाहू राजाचा न्याय होता.

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हे आकडे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. त्यांनी ८२ मुलांच्या आईबापांना दोष दिला नाही, जाब सरकारला विचारला. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती आखडावी अशी सूचना आली, तेव्हाही ते ठाम राहिले. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येणार नाही असे घटना म्हणते, तर त्या वयापर्यंत ते मूल शाळेतच असले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच तरतुदीचा पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क झाला, तो अनुच्छेद २१-अ.

एवढे असूनही प्रत्यक्षात काय चालते? मराठवाड्यातील एका गावच्या शाळेच्या समितीत आपल्या वस्तीतील एक भगिनी दोन वर्षे सदस्य होत्या. इतिवृत्ताच्या वहीत त्यांच्या पंधरा सह्या होत्या आणि त्या एकाही सभेला गेल्या नव्हत्या. आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, सर घरी आले, म्हणाले इथं सही करा. लेकराच्या शाळेचं काम हाय, म्हणून केली." त्या सह्यांच्या बळावर आराखडा मंजूर झाला होता. त्यात रंगरंगोटी होती, कमान होती. चौथीतल्या किती मुलांना वाचता येत नाही, याबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताच्या प्रती काढल्या आणि ती भगिनी पुढच्या सभेला जाऊन बसली. तिने एकच प्रश्न विचारला, "चौथीतल्या किती लेकरांना वाचता येत नाही, त्यांची नावं सांगा." सभेत शांतता पसरली. पण पुढच्या महिन्यात ती नावे कागदावर आली आणि त्या मुलांसाठी रोज एक तास जादा वर्ग सुरू झाला. अनुदान वाढले नव्हते, साहेब बदलले नव्हते. सही करणारी बाई प्रश्न विचारू लागली, इतकाच बदल झाला होता.

म्हणून आराखड्यात पहिल्या क्रमांकावर काय हवे, हे आपण ठरवले पाहिजे. आमच्या मते पहिला मुद्दा वाचन, लेखन आणि गणित. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने ती स्वीकारली. त्याच दुरुस्तीत नापास मुलाला जादा शिकवून निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी, असेही आहे. नापासाचा शेरा तेवढा येतो आणि जादा शिकवणे राहून जाते, असे झाले तर शाळा सोडणारी पहिली मुले कोणाची असतील, हे सांगायला ज्योतिषी नको. प्रत्येक तिमाहीला वाचता न येणाऱ्या मुलांची संख्या समितीपुढे आलीच पाहिजे.

दुसरा मुद्दा शिक्षक आणि दिवस. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंत प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत, वर्षाला पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणबाह्य कामाला जुंपता येत नाही. रिक्त पद किती दिवस रिक्त आहे, हे आराखड्यात तारखेसह लिहा. शिक्षक आपला शत्रू नाही. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या प्रामाणिक शिक्षकालाही हा कागद उपयोगी पडतो.

तिसरा मुद्दा मानसन्मानाचा. सातारच्या शाळेत बाल भीमरावांना गोणपाटावर वेगळे बसावे लागले आणि शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागले. ज्या दिवशी त्यांनी त्या शाळेत पाऊल ठेवले तो ७ नोव्हेंबर आज शासन विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते. मग त्या दिवशी भाषणाबरोबर तपासणीही झाली पाहिजे. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुठे बसते? शौचालय धुवायला आणि अंगण झाडायला कोणत्या मुलांची नावे पुकारली जातात? शिष्यवृत्तीचे नाव घेऊन वर्गात कोणाला उभे केले जाते? कलम ८ व ९ भेदभावाला मनाई करतात, कलम १७ मारहाणीला आणि मानसिक छळाला मनाई करते. जातीवरून अपमान झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा शाळेच्या फाटकाबाहेर थांबत नाही.

चौथा मुद्दा शाळा टिकवण्याचा. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात तेव्हा १४ हजारांहून अधिक होत्या. वाडी-तांड्यावरची शाळा गेली की पहिली घरी बसते ती मुलगी. आपल्या वस्तीतील प्रत्येक मूल पटावर आहे का आणि वर्गात आहे का, हे समितीने पाहिले तर शाळा बंद करायला आधार उरत नाही.

आता थोडे आपल्या घराविषयी. हक्क सांगणाऱ्याने कर्तव्य टाळू नये. जयंतीच्या मिरवणुकीला वर्गणी गोळा होते, पण दहावीच्या मुलाला बसायला शांत जागा नसते. गावोगावी विहारे उभी आहेत आणि वंदना झाली की बरीच कुलूपबंद असतात. संध्याकाळी दोन तास ती अभ्यासिका म्हणून उघडी राहिली, वस्तीतील शिकलेली पोरे आळीपाळीने तिथे बसली, तर खर्च एका दिव्याचा आहे. लग्नकार्यासाठी आठ-आठ दिवस मुले शाळेतून काढू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मुलाला फडावर नेण्याआधी हंगामी वसतिगृहाची मागणी समितीत मांडावी. न्यावेच लागले तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे, म्हणजे जिथे जाल तिथे मूल शाळेत बसेल. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

ज्यांची मुले खाजगी शाळेत आहेत त्यांनीही गाफील राहू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने अधिसूचना काढून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली होती. लोक न्यायालयात गेले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. गप्प बसलो असतो तर हजारो मुलांचे दार बंद झाले असते.

तेव्हा बांधवांनो आणि भगिनींनो, येत्या पालकसभेला एक जण नाही, वस्तीतील पाच जण मिळून जा. समितीत आपले प्रतिनिधी प्रमाणात आहेत का ते पाहा. आराखड्याची प्रत लेखी मागा. सभेत बोललेले इतिवृत्तात लिहून घ्या आणि वाचल्याशिवाय सही करू नका. दाद मिळाली नाही तर कलम ३२ प्रमाणे जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे लेखी तक्रार द्या. तिचा निकाल तीन महिन्यांत देणे बंधनकारक आहे. तिथेही न्याय मिळाला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा हे आपण सभांमधून हजार वेळा म्हटले आहे. गावच्या शाळेच्या त्या एका खोलीत, महिन्यातून एका दुपारी, या तिन्ही गोष्टी एकदम करता येतात. शाळेने आपल्याकडून अपेक्षा जरूर ठेवाव्यात. आपण आपल्या अपेक्षा लिहून शाळेच्या टेबलावर ठेवू या आणि त्याची पोच घेऊ या.

जयभीम!